शेखाचा पान्हा

हजच्या सोडतीत नश्मियाचं नाव निघालं, तेव्हा ती शेखा म्हशीच्या पोटाशी बसून धार काढत होती. धाकटा मुलगा नाईम होडी बांधायचीही विसरून, मोबाइल हातात नाचवत आला. "आई, लागला तुझा नंबर." नश्मियानं मान वर केली नाही. मध्येच हात थांबला की शेखा पान्हा चोरायची, आणि एकदा चोरला की दुसऱ्या दिवसापर्यंत थेंब द्यायची नाही. चरवी भरली, फेस काठावर आला, तेव्हा ती उठली, डोक्यावरच्या शेल्यानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "आता वाच. सावकाश."

नाईमनं वाचलं. तिचं नाव, तिच्या बापाचं, आजाचं. बारा वर्षं ती अर्ज भरत होती आणि बारा वर्षं दुसऱ्यांची नावं निघत होती. तिनं अल्लाचे आभार मानले, डोळ्यांतून पाणी आलं ते येऊ दिलं, आणि मग तिच्या तोंडून जे निघालं त्यानं नाईमचा चेहराच उतरला.

"महिनाभर यांची धार कोण काढणार?"

प्रश्न खोटा नव्हता. तेवीस म्हशींचा कळप, त्यातल्या अकरा दुभत्या, आणि त्या अकराही नश्मियाशिवाय कुणाला सडाला हात लावू द्यायच्या नाहीत. चिबायिशच्या सगळ्या पाणथळात ही गोष्ट ठाऊक होती. सासू वारल्यापासून वीस वर्षं सकाळ-संध्याकाळ तिचेच हात. तापानं फणफणत असताना, इतकंच काय नवरा गेला त्या दिवशीसुद्धा, तिनं आधी धार काढली आणि मग रडायला बसली. संध्याकाळचं दूध पसरट परातीत तापवायचं, झाकून निवू द्यायचं आणि पहाटे वर आलेली बोटभर जाड साय, गैमर, बाजारात न्यायची. चिबायिशच्या बाजारात तिची जागा ठरलेली. गरम रोट्या काखेत धरून लोक तिच्या होडीची वाट बघत उभे असायचे.

थोरला मिझहर बापाच्या मालमत्तेतला आपला वाटा घेऊन बसऱ्याला गेला, त्याला दहा वर्षं झाली होती. नाईम पाणथळातले बोरू कापायचा, होडी चालवायचा, जड ते उचलायचा. पण तो म्हशीखाली बसला की ती त्याला लाथेनंच उठवायची. उरली नाईमची बायको सुंदुस. ती नासिरियाची, शहरातली, शिवणकाम करणारी. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा होडीतून उतरताना तिनं दोन्ही हातांनी नाईमचा सदरा गच्च धरला होता. पोहता न येणारी सून पाणथळात आली म्हणून शेजारणी महिनाभर हसत होत्या.

बातमी कळल्यावर दुसऱ्याच दिवशी दीर आला. दाखिल त्याचं नाव. त्यानं दोन वर्षांपूर्वी आपल्या म्हशी विकून माणसं वाहायची गाडी घेतली होती आणि तेव्हापासून तो प्रत्येकाला विकायचा सल्ला देत फिरायचा.

"वहिनी, अल्लानंच वाट दाखवली बघ," तो चहाचा पेला भुरकत म्हणाला. "हजला जातेस ती मोकळी होऊन जा. माझ्या ओळखीचा व्यापारी आहे. दर उन्हाळ्यात पाणी खारट होतंय, तू बघतेस. मिझहर यायचा नाही. नाईमला जनावर जवळ येऊ देत नाही. कुणासाठी सांभाळतेस?"

"तुझ्या गाडीला शेपूट आहे?"

"शेपूट कशाला असेल?"

"मग तुला नाही कळायचं."

दाखिल हसला, पण जाताना 'कुणासाठी?' हाच प्रश्न पुन्हा विचारून गेला आणि तो नश्मियाच्या मनात काट्यासारखा राहिला.

संध्याकाळी सुंदुस शिवणयंत्रावरून उठून गोठ्यात आली. लांब, खांबाला टेकून उभी राहिली. "आत्या, मला शिकवा."

"तुला?" नश्मिया म्हणाली. "तू म्हशीकडे बघतेस ती उसन्या भांड्याकडे बघावं तशी."

"बघायलाही तुम्हीच शिकवा मग."

निघायला सहा आठवडे होते. नश्मियानं शिकवायला घेतलं. रेडकू कधी सोडायचं, कधी ओढून बाजूला बांधायचं, सडाला पाणी कसं लावायचं, मूठ कशी धरायची, अंगठा कुठे ठेवायचा. सुंदुसची बोटं सुई धरून मऊ पण चिवट झाली होती, ती लवकर शिकली. आठवड्याभरात गरीब स्वभावाच्या तीन-चार म्हशी तिला अर्धंमुर्धं दूध देऊ लागल्या. शेखा मात्र ऐकेना, आणि शेखा दूध देईना तोवर तिच्या मागच्याही मनापासून पान्हवत नसत. ती जिकडे जाईल तिकडे कळप जायचा. ती रुसली की सगळा गोठा रुसायचा.

एका शेजारणीनं सुचवलं म्हणून सुंदुसनं नश्मियाचा अबा, तो काळा पायघोळ झगा, अंगावर घेतला, तिचाच शेला डोक्याला गुंडाळला, तिच्यासारखी जराशी वाकून चालत गेली. शेखानं वळून हुंगलं. क्षणभर वाटलं, फसली. मग मागचा पाय उचलून तिनं चरवी अशी उडवली की ती थेट पाण्यात पडली, आणि सुंदुस शेणात.

"जनावराला माणूस कळतं, पोरी," नश्मिया तिला उठवत म्हणाली. ती वरवर हळहळली. आतून तिला गोड वाटलं होतं, आणि ते तिचं तिला कळत होतं.

कारण शिकवलं तिनं सगळं, एक सोडून. धारेला बसण्याआधी शेखाचं दावं सारखं करायच्या निमित्तानं ती खाली वाकायची, आपलं कपाळ म्हशीच्या कपाळाला लावायची आणि तिच्या नाकपुडीत हळूच श्वास सोडायची. लांब, गरम, दोनदा. सासूनं मरायच्या आधी एकटीला जवळ बोलावून ते सांगितलं होतं. वीस वर्षांत दुसऱ्या कुणालाही ते कळलेलं नव्हतं. नश्मिया रोज ठरवायची, उद्या सांगू. आणि रोज शेखानं सुंदुसला झिडकारलं की ती आणखी एक दिवस थांबायची.

जायचा दिवस उजाडला. हजला जाणाऱ्यानं कुणाचं मन दुखावलेलं ठेवून जाऊ नये, म्हणून ती दारोदार होडीनं फिरली, जिच्याशी भांडली होती तिची आणि जिच्याशी कधी बोललीच नव्हती तिचीही माफी मागून आली. शेवटी सुंदुससमोर उभी राहिली. "पोरी, माझ्याकडून काही राहिलं असेल, बोलले-चालले असेन, तर सोडून दे."

"मला तुमच्याकडून काहीच येणं नाही, आत्या."

त्या क्षणी ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण दाखिलनं गाडीचा भोंगा वाजवला. तिनं फक्त एवढंच बजावलं, "ही जागा सोडू नका. काहीही झालं तरी. सरकारनं पाणथळ आटवलं होतं त्या वर्षांत सासूबरोबर हा कळप घेऊन मी नदीकाठानं भटकले आहे. परत आल्यावर शपथ घेतली, इथून हलायचं नाही."

सुंदुसनं मान डोलावली.

मक्केहून नश्मिया दर दोन दिवसांनी फोन करायची. सगळं ठीक आहे, असं नाईम सांगायचा. म्हशी ठीक, दूध ठीक, दाखिलकाकाही ठीक. एवढं सगळं एकदम ठीक असणं तिला पटत नव्हतं, पण गर्दी एवढी, ऊन एवढं, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या हातांना दुसरं काही काम होतं. काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय मागायचं ते सगळं विसरून ती नुसती उभी राहिली होती.

मग अरफातचा दिवस आला. दुपार कलली होती. तंबूबाहेर लाखो माणसं हात पसरून उभी, कुणी हुंदके देत, कुणी पुटपुटत. त्यांच्या गटाचे मौलवी सांगत होते, अल्लाचं जे चुकलं ते अल्ला माफ करील. माणसाचं जे आपण दाबून ठेवलं असेल ते मात्र ज्याचं त्याला परत करावं लागतं. नश्मियानं आपलं सगळं आयुष्य चाळून पाहिलं. चोरी केली नव्हती. खोटी शपथ घेतली नव्हती. दुधात पाणी घातलं नव्हतं. आणि मग तिला शेखाची नाकपुडी आठवली.

सुरुवातीला तिला हसूच आलं. एवढ्या पवित्र जागी म्हशीचं नाक. पण ते जाईना. जे सासूनं हातात ठेवलं ते तिनं मुठीत धरून ठेवलं होतं, आणि ते कशासाठी, तर माझ्यावाचून यांचं अडतं हे ऐकायला बरं वाटतं म्हणून. एका पोरीला तिनं सहा आठवडे लाथा खाऊ दिल्या होत्या. नश्मिया खाली बसली आणि इतकी रडली की शेजारच्या बाईनं तिला पाणी आणून दिलं.

तिनं तिथूनच फोन लावला. चौथ्या वेळी लागला.

"सुंदुस, ऐक. मधे बोलू नको. शेखाच्या धारेआधी एक करायचं असतं. तिच्या कपाळाला कपाळ लावायचं आणि नाकपुडीत श्वास सोडायचा. दोनदा. हे मी तुला सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही. मला माफ कर."

मग सुंदुस म्हणाली, "आत्या, ते मी पहिल्याच आठवड्यात बघितलं होतं."

"बघितलं होतंस?"

"रोज एवढा वेळ दावं सारखं करायला काय होतं, म्हणून कुडातून वाकून पाहिलं. तुम्ही गेल्यावर करूनही पाहिलं. माझ्या तोंडावर शिंकली ती. चांगलं भरभरून."

"मग? देत नाही ती?"

"देते की."

"कशी?"

"देते. दोघी आटल्या, तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण आपली हलवा म्हैस व्याली. पारडी झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे. आणि माफीचं म्हणाल तर केली. आता तुम्ही आमच्यासाठी दुआ करा, फोनवर वेळ नका घालवू."

तिच्या आवाजामागे पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता, त्यांच्या घरामागच्या पाण्याला तर आवाजच नव्हता. "कुठे आहेस गं तू?"

"घरीच," सुंदुस म्हणाली, आणि फोन कटला.

नश्मिया पुन्हा हात पसरून उभी राहिली. मोकळं वाटत होतं, आणि त्याच्या बरोबरीनं एक बारीकशी कळही उठत होती. शेखा दूध देते, म्हणजे तिच्यावाचून अडलं नाही. तिनं ती कळ लपवली नाही, देवापुढेच ठेवली, आणि म्हणाली, "त्या पोरीच्या हाताला यश दे. मला त्याचा आनंद होईल असं कर."

महिना भरला तेव्हा बसऱ्याच्या विमानतळावर दाखिल गाडी घेऊन हजर होता. गाडीला हिरव्या झेंड्या, आत खजुराची परडी. वाटभर तो तिला 'हज्जिया, हज्जिया' म्हणत होता, पण म्हशींचं नाव काढलं की रस्त्याकडे बघायचा. घरी शेजारणी जमलेल्या होत्या, जिभा लवलवत आनंदाचा गजर झाला, कुणी तिच्या हाताचे मुके घेतले. सुंदुस दिसेना. नश्मिया सगळ्यांमधून वाट काढत घरामागे गेली.

गोठा रिकामा होता. खुंटे उपटलेले, दावी गेलेली, पाण्याच्या कडेचा चिखल वाळून तडकलेला. तिनं वाकून शेणाचा एक पो उचलला, बोटांत चुरला. भुगा झाला. बारा-चौदा दिवसांचं तरी.

ती वळली तेव्हा दाखिल मागेच उभा होता. "विकल्या?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की दाखिल एक पाऊल मागे सरला.

"मी विकत होतो. खरं सांगतो, वहिनी, व्यापाऱ्याला घेऊन आलो होतो. पाणी कसं झालं होतं ते तू पाहायला हवं होतंस. तुझ्या सुनेनं त्याला होडीतून उतरू दिलं नाही. हातात कापडाची कात्री घेऊन काठावर उभी. म्हणे, मालकीण अल्लाच्या दारी गेली आहे, तिथं जाऊन विचारा."

"मग म्हशी कुठे आहेत?"

"होडीत बस, आई," नाईम म्हणाला.

होडी पाणथळातून दीड तास चालली. नश्मिया पांढऱ्या कपड्यांत ताठ बसली होती. दाखिलही आला होता, का ते त्यानं सांगितलं नाही. नाईमनं इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून सगळं सांगितलं.

ती गेल्यावर आठवड्यातच पाणी उतरायला लागलं आणि उरलं ते खारट झालं. एक रेडकू दगावलं. दोघी आटल्या, बाकीच्यांचं अंग खरबरीत झालं, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. सुंदुस रोज सकाळी होडीतून जायची आणि प्रत्येक चरात बोट बुडवून जिभेवर ठेवायची. शेजारी म्हणायचे, नाईमच्या बायकोला ऊन लागलं. दहाव्या दिवशी तिला गोडं पाणी सापडलं, पार पूर्वेला, जिथं मोठ्या नदीचा एक फाटा आत शिरतो तिथं. पण तिथं दुसऱ्या लोकांच्या म्हशी बांधलेल्या. ते नव्या माणसाला टेकू देणार नाहीत, असं नाईम म्हणाला.

"मग हिनं काय केलं, माहीत आहे? शिवणयंत्र होडीत घातलं आणि गेली. ईद तोंडावर होती. त्यांच्या बायकांना म्हणाली, पोरांचे अंगरखे शिवून देते, कापड तुमचं, हात माझा. तीन दिवस तिथंच बसून शिवत होती. चौथ्या दिवशी त्यांच्या म्हातारीनं स्वतः जागा दाखवली."

"आणि मी सांगून गेले होते, जागा सोडायची नाही," नश्मिया म्हणाली.

"तेच मीही म्हटलं. ती म्हणाली, आत्या परत येतील तेव्हा जागा असली आणि म्हशी नसल्या तर त्या काय करतील?"

पाणी रंग बदलत होतं. तिनं हात बाहेर सोडून ओंजळ भरली आणि चाखली.

"आणि मग न्यायच्या दिवशी," नाईमला आता हसू आवरेना, "मधला मोठा प्रवाह आहे ना, तिथं शेखा अर्ध्यात माघारी फिरली. तिच्यामागे सगळ्या. मी होडी आडवी घातली तर इंजिनला बुजून आणखीच उधळल्या. हिनं काही न बघता उडी मारली. पोहता येत नाही, आई. हाताला शेखाचं शेपूट लागलं, ते धरलं. शेखानं हिला ओढत परत काठावर आणून टाकलं. मला वाटलं, आता रडेल. ही तिथंच कमरेएवढ्या पाण्यात बसली. दिवसभर. शेखाला चिखल लावला, घासलं, तिच्याशी बोलली. काय बोलत होती देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पाठीवर चढली."

"शेखाच्या पाठीवर?" नश्मियानं मागे वळून विचारलं.

"पोटावर पालथी पडून, दोन्ही शिंगं धरून. डोळे मिटलेले. सगळ्या इमामांची नावं घेतली, मग तुझं घेतलं, मग मला माझ्या बापापर्यंत शिव्या घातल्या. पण शेखा गेली. सरळ गेली. आणि मागून बाकीच्या बावीस, नाकं वर काढून, एका रांगेत. पलीकडच्या काठावर माणसं बघायला जमली होती. त्या संध्याकाळी ही चरवी घेऊन शेखाखाली बसली आणि तिनं एका झटक्यात पान्हा सोडला."

दाखिल घसा खाकरून म्हणाला, "मी होतो तिथं. ऐंशी वर्षांचे म्हातारे टाळ्या पिटत होते."

बोरूंची भिंत संपली आणि मोकळं पाणी लागलं. सगळ्या तिथंच होत्या. अंगं पाण्याखाली, वर फक्त शिंगं आणि ओल्या नाकपुड्या. नश्मिया होडीत उभी राहिली आणि तिनं तिची हाक दिली, लांबवलेली, शेवटी खाली उतरणारी, वीस वर्षं रोज दिलेली. डोकी वर झाली. शेखानं पाहिलं, एकदा रेकली आणि होडीच्या दिशेनं चार पावलं आली.

तेवढ्यात काठावरून सुंदुसचा आवाज आला. तिला तसं गाऊन हाक देता येत नव्हतं. मोठ्या घरातली थोरली बहीण धाकट्यांना जेवायला बोलावते तसं ती म्हणाली, "चला गं पोरींनो, उशीर झाला." तेवीसच्या तेवीस म्हशी वळल्या आणि पाणी कापत काठाकडे निघाल्या. शेखा सगळ्यांत पुढे होती. हलवाची पारडी कडेनं उड्या मारत होती.

नश्मियानं त्या कळेची वाट पाहिली. ती आली, डास चावावा एवढी, आणि गेली. तिच्या छातीतून जे वर आलं ते हसू होतं. ती इतकी मोठ्यानं हसली की होडी हलली आणि दाखिलला काठ धरावा लागला.

सुंदुस गुडघाभर चिखलात उभी होती, उन्हानं काळवंडलेली, बाह्या वर खोचलेल्या. सासूला पाहून ती धावत आली आणि दोन हातांवर थांबली. "आत्या, तुमचा शब्द मोडला मी. आणि फोनवर खोटं बोलले."

"मी शपथ घेतली होती ती माझी," नश्मिया म्हणाली. "तुला कशाला बांधली, ते मलाच माहीत नाही. इकडे ये." तिनं चिखलासकट तिला जवळ घेतलं, तिच्या पांढऱ्या कपड्यांवर दोन काळे पंजे उमटले. "आता धार काढ. मला बघायचं आहे."

"तुम्ही बसा ना. तिला तुमची आठवण आली असेल."

"मी बघते म्हटलं ना."

सुंदुस बसली. चरवीत पहिली धार वाजली, मग दुसरी, मग तो आवाज घुमत घुमत दाट होत गेला. नश्मिया पालथ्या टोपलीवर बसून बघत होती. थोड्या वेळानं राहवेना. "अंगठा बाहेर राहतोय तुझा."

"माझा अंगठा असाच आहे, आत्या."

नश्मियानं चरवीत डोकावून पाहिलं. "राहू दे मग तसाच."

तोवर तिथली म्हातारी आणि तिच्या सुना हज्जियाला भेटायला आल्या होत्या. चहा झाला, ताजी भाजलेली मासळी आली. सगळे बसलेले असतानाच नश्मियानं हात पुसले आणि नाईमला म्हणाली, "मिझहरला फोन लाव आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धर." फोन लागल्यावर ती म्हणाली, "मिझहर, तुझा वाटा तुला दिला आहे. बरोबर?"

"बरोबर, आई. काय झालं?"

"आजपासून हा कळप सुंदुसचा. कुठे बांधायचा, कोणती ठेवायची, कोणती द्यायची, ती ठरवील. तुला काही म्हणायचं आहे?"

मिझहर हसला. "तिच्या प्रवाहातल्या स्वारीचा व्हिडिओ इथं सगळ्यांनी बघितलाय, आई. मी काय म्हणणार? माझ्या नावानं एक परात गैमर पाठव म्हणावं."

दाखिलनं तोंड उघडलं. "वहिनी, सून म्हटली तरी दुसऱ्या घरची. नाईमच्या नावावर कर, म्हणजे..."

"मी कोणत्या घरची होते, दाखिल? तुझ्या आईनं कुणाच्या हातात दिल्या?"

नाईमच म्हणाला, "काका, माझ्या नावावर केल्या तर त्या मलाच लाथा मारतील." त्यावर बायका इतक्या हसल्या की म्हातारीला ठसका लागला. सुंदुस हसली नाही. ती उठली, चिखलाचे हात मागे धरून नश्मियासमोर उभी राहिली. ती काही म्हणण्याआधीच नश्मिया म्हणाली, "रडायचं असेल तर दूध गाळून झाल्यावर. आधी दूध."

दुसऱ्या दिवशी पहाटे होडी चिबायिशच्या धक्क्याला लागली. सुंदुसनं परात डोक्यावर घेतली आणि बाजारात नश्मियाच्या जागी जाऊन बसली. नश्मिया तिच्या डाव्या बाजूला, जिथं मदतीला येणारी बसते तिथं. गेला आठवडाभर सुंदुस एकटीच येत होती, ते गिऱ्हाइकांच्या वागण्यावरून कळत होतं. ते सरळ तिच्याकडेच बघून सांगत. एक म्हातारा शिक्षक पुढे आला, नश्मियाला सलाम केला, हज कबूल होवो म्हणाला, आणि परातीकडे बोट दाखवून म्हणाला, "तुम्ही आलात, हज्जिया. आता तुमच्या हातचं मिळेल."

"माझ्या हातचं नाही हे. हिच्या हातचं आहे, आणि म्हशीही हिच्या. आधी खाऊन बघा."

त्यानं रोटीचा तुकडा खजुराच्या काकवीत बुडवून गैमरवर ठेवला, खाल्ला, मान हलवली आणि आणखी दोन वाट्या बांधून घेतल्या. ऊन दुकानांच्या पायऱ्यांवर यायच्या आत परात रिकामी झाली. दाखिलच्या हातात त्याची तिसरी वाटी होती. तो बोटं चाटत म्हणाला, "वहिनी, मी काय म्हणतो. गाडी आहेच. पण एखादी म्हैस घेऊन तुझ्या कळपात सोडली तर?"

"मला काय विचारतोस? मालकिणीला विचार."

सुंदुस परात पुसत होती. तिनं दाखिलकडे वर पाहिलं. "आणा, काका. पण धारेला तुम्हीच यायचं, सकाळ-संध्याकाळ. आणि आत्या, दुपारी मला दोन नव्या ठिकाणचं पाणी चाखायला जायचं आहे. तेवढा वेळ रेडकांकडे तुम्ही बघाल?"

वीस वर्षांत नश्मियाला कुणी काम सांगितलं नव्हतं. ती उठली, अबा झटकला आणि म्हणाली, "बघते की. कोणतं आधी सोडायचं तेवढं सांगून जा."